फवारणीचा शर्ट आधी वेगळा ठेव, बाकीचं मग बोलू

आलेलं पत्र थोडक्यात असं:

"ताई, आमचं यवतमाळ जिल्ह्यात सहा एकर वावर आहे, कपाशी आणि तूर. मागच्या ऑगस्टमध्ये फवारणी करता करता यांना चक्कर आली, उलट्या झाल्या, दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावून ठेवलं होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे, हे औषध मारणं बंद करायचं. हे म्हणतात, अळी काय तुझं ऐकून जाणार आहे का. दीर म्हणतात सेंद्रिय करायला निघालेले दोन वर्षांत परत आले, कर्ज कोण फेडेल. सासूबाई म्हणतात आमच्या काळी शेणखतावरच पिकायचं. नणंद पुण्यात असते, ती म्हणते आम्ही जास्त पैसे मोजून ऑरगॅनिक आणतो आणि तुम्ही शेतकरी असून विष खाता. यांचे फवारणीचे कपडे मीच धुते, हाताला दोन-दोन दिवस वास राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. ताई, आरोग्याला खरंच फायदा असतो का ही नुसती फॅशन आहे? आणि आमच्यासारख्यांना जमेल का? लहान बहीण समजून सांगा."

लहान बहीणच समजते, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कपड्यांच्या ओळीपाशी थांबले. तू ती जाता जाता लिहून टाकलीयेस, पण मला विचारशील तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत आहे. सेंद्रियचा फायदा म्हटलं की सगळे खाणाऱ्याबद्दल बोलतात, पुण्याच्या ताटात काय पडतं, भाजीवर किती अंश राहतो वगैरे, ते महत्त्वाचं आहेच, पण विष सगळ्यात जास्त कोणाच्या अंगावर पडतं तर पाठीवर पंप घेऊन पिकाच्या ओळीओळीतून चालणाऱ्याच्या, आणि त्याच्यानंतर त्याचा ओला शर्ट हातानं चोळणाऱ्या बाईच्या. म्हणजे तुमच्या घरातल्या दोघांच्या. त्यामुळे फॅशन आहे का हा प्रश्न नणंदेच्या बाबतीत एकवेळ ठीक, तुझ्या बाबतीत नाही.

तर सेंद्रिय जेव्हा जमेल तेव्हा जमेल, हे मात्र आजपासून. फवारणीचे कपडे वेगळ्या टोपल्यात, पोरीच्या कपड्यांत अजिबात मिसळायचे नाहीत. हातात रबरी मोजे घालून गरम पाणी आणि साबणानं दोनदा धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे, ते पाणी विहिरीकडे किंवा नाल्याकडे सोडायचं नाही. त्यांनी घरी आल्याबरोबर डोक्यावरून आंघोळ करायची, मुलीला उचलून घ्यायचं ते त्यानंतर. औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी धुवून घरात घ्यायचा नाही. 2013 साली बिहारमध्ये छपऱ्याकडच्या एका शाळेत खिचडी-भाजी खाऊन 23 लेकरं गेली, त्या तेलात मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक सापडलं होतं. मला त्या बातमीनंतर कितीतरी दिवस आमच्या गोठ्यातला प्रत्येक डबा उलटा करून बघायची सवय लागली होती. तूही एकदा बघून घे, बायांना डबा टाकवत नाही हे मला माहीत आहे.

दुसरं, त्यांना एकदा विषबाधा झालेली आहे, म्हणून पुढच्या हंगामात पंप उचलायच्या आधी डॉक्टरांकडे ने आणि कोलिनेस्टरेज नावाची रक्ताची तपासणी होईल का विचार. आपल्याकडची बरीच कीटकनाशकं नसांच्या कामात अडथळा आणणारी असतात, त्यातल्या काहींचा परिणाम या तपासणीत कळतो, आणि शरीर पूर्ण सावरायच्या आत परत तेच औषध अंगावर पडलं तर थोड्यानंही जास्त त्रास होतो. खूप घाम येणं, लाळ गळणं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं, छाती भरून येणं यातलं काहीही दिसलं की लिंबूपाणी देत बसायचं नाही, कपडे काढून अंग धुवायचं आणि सरळ दवाखाना, आणि औषधाचा डबा सोबत न्यायचा. डॉक्टरला नाव वाचायला मिळालं की पुढचं लवकर होतं. डब्यावर त्रिकोणाचा रंग असतो तोही बघत जा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

2017 चा सप्टेंबर-ऑक्टोबर तुझ्या जिल्ह्याला मी सांगायची गरज नाही. 20 पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषानं दगावले आणि शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेलेली, म्हणजे खाली मारायचं औषध वर मारावं लागत होतं आणि ते तोंडावर येत होतं, त्यात उकाडा, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली, जोरात फेकणारे पंप, आणि तोंडाला फार तर रुमाल. गेलेल्यांमध्ये मजुरीवर फवारणी करणारे कितीतरी होते, ज्यांचं स्वतःचं वावरही नव्हतं. सेंद्रिय शेती म्हणजे आरोग्य असं कोणी म्हटलं की मला आधी ती माणसं आठवतात.

आता खाण्याचं. नणंद म्हणते त्यात तथ्य आहे पण पूर्ण नाही. 2012 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, त्यांना जीवनसत्त्वांच्या बाबतीत सेंद्रिय आणि साध्या मालात फार मोठा फरक दिसला नाही, पण कीटकनाशकाचे अंश सेंद्रिय मालात कमी दिसले. 2014 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी 343 अभ्यास तपासले, त्यांना सेंद्रिय पिकात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी सापडला, कीटकनाशकाचे अंश त्यांनाही कमीच दिसले. म्हणजे विषाचा अंश कमी, यावर दोघांचं एकमत. सेंद्रिय खाल्लं की शुगर जाते, कॅन्सर होत नाही वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्यावर विश्वास ठेवू नको आणि कोणाला सांगूही नको, कारण उद्या तुझ्या घरात कोणी आजारी पडलं की तेच लोक म्हणणार, बघा सेंद्रिय खाऊन काय झालं. कॅन्सरबद्दल एवढं ठाम सांगता येतं की 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेनं ग्लायफोसेट आणि मॅलॅथिऑनला 'बहुधा कॅन्सर करणारे' या गटात टाकलंय. ग्लायफोसेट म्हणजे आपल्याकडे निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून सर्रास मारतात ते तणनाशक. ते आधी सोड, बैलांचा डवरा आणि हातानं निंदण महाग पडलं तरी.

एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे विहीर. युरिया टाकला की त्यातला बराचसा पिकाला मिळतच नाही, काही हवेत जातो, काही पावसाच्या पाण्याबरोबर नायट्रेट होऊन खाली झिरपतो आणि विहिरीत येतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, त्याच्या वर गेलं तर तान्ह्या बाळाला सगळ्यात धोका, रक्तातला प्राणवायू कमी होऊन बाळ निळं पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं ते दाट होतं. तुम्ही वावरातल्या विहिरीचं पाणी पीत असाल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये एक बाटली देऊन ये. जो भाग हवेत जातो त्यातल्या थोड्याचा नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीहून जास्त उष्णता धरतो, म्हणजे पावसाच्या लहरीपणाला आपण जे शिव्या घालतो त्यात आपल्या गोणीचाही वाटा आहे.

पण पर्यावरण हा शब्द नवऱ्यासमोर काढू नको. ते म्हणतील आधी कर्ज, मग पर्यावरण, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. त्याऐवजी एक काम कर, दोघं मिळून करा. वावराच्या मधून मुठीएवढं वाळलेलं ढेकूळ आण, आणि दुसरं तेवढंच धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखालून, जिथे कधी नांगर गेला नाही, औषध पडलं नाही. काचेचे दोन ग्लास पाण्यानं भर आणि दोन्ही ढेकळं हळूच सोड, चहाच्या गाळणीत ठेवून सोडलीस तर अजून चांगलं दिसतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या वावरातलं ढेकूळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं गळून पडलं, पाणी गढूळ झालं आणि तळाला चिखल बसला. निंबाखालचं ढेकूळ मात्र तसंच, त्यातून बुडबुडे येत होते, पाणी जवळजवळ स्वच्छ. अर्धा तास आम्ही दोघं काही न बोलता त्या ग्लासांकडे बघत होतो. माती तीच, धुऱ्यापासून वीस पावलांवरची. फरक कशाचा तर पालापाचोळा कुजून त्याचा जो डिंक होतो तो मातीचे कण धरून ठेवतो, त्यालाच माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब म्हणतात. आपल्याकडच्या कितीतरी वावरांत तो 0.5 टक्क्याच्या खाली गेलेला असतो. असं वावर मृगाचा जोराचा पाऊस पीत नाही, वरची माती वाहून देतं, आणि ऑगस्टमध्ये पंधरा दिवस उघडीप पडली की कपाशी माना टाकते. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की तुला पुढचं भाषण करायला लागणार नाही.

सासूबाई म्हणतात शेणखतावर पिकायचं, ते खरंच आहे, पण तेव्हा शेणखत होतं का गं? होतं, कारण दावणीला सात-आठ जनावरं होती. जनावरं का होती, तर कडबा होता. कडबा का होता, तर घरोघरी ज्वारी होती. ज्वारी गेली आणि सगळीकडे कपाशी-सोयाबीन आलं, कडबा गेला, बैल गेले, ट्रॅक्टर आला, शेण गेलं, आणि पऱ्हाटी आपण एक तर चुलीत घालतो नाही तर धुऱ्यावर पेटवून देतो. म्हणजे मातीतून काढतो सगळं आणि परत देतो फक्त पांढरी गोणी. ती गोणी स्वस्त आहे म्हणून चालतं, 45 किलो युरिया 266 रुपये 50 पैशाला, बाकीचं सरकार सबसिडीत भरतं. म्हणून सासूबाईंना म्हणा, शेणखत परत आणायचं तर आधी ज्वारी परत आणावी लागेल, थोडी तरी. त्यांना हे ऐकून बरं वाटेल आणि तुझ्या बाजूनं घरात एक माणूस वाढेल.

दीर म्हणतात लोक परत आले. येतात, आमच्या ओळखीतले आलेत, आणि आम्हीही तिसऱ्या वर्षी परत फिरायच्या बेतात होतो. पहिल्या वर्षी आमची कपाशी निम्म्यावर आली होती, मी लपवत नाही. एका दमात सगळं बंद केलं की असंच होतं. 2021 मध्ये श्रीलंकेच्या सरकारनं रासायनिक खत एकदम बंद केलं, सहा महिन्यांत भाताचं उत्पादन साधारण पाचव्या हिश्श्यानं खाली आलं आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. अख्खा देश परत आला म्हण ना. सेंद्रिय शेती खोटी म्हणून नाही, माती तयार व्हायला वेळ लागतो तो कोणी दिलाच नाही म्हणून.

आणि दुसरं कारण म्हणजे नुसतं जीवामृत. लोक शिबिराला जातात, ड्रम आणतात, 10 किलो शेण, 5-10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती, 200 लिटर पाणी, दोन दिवस सावलीत ढवळत ठेवून एकराला सोडतात आणि वाट बघत बसतात. हे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी देशभर पोचवलं, त्यांना 2016 साली पद्मश्रीही मिळाली, मीही दर पंधरा दिवसांनी करते. शास्त्रज्ञांमध्ये त्यावरून वाद आहे, तो असू दे. मला इतक्या वर्षांत जे कळलं ते असं की जीवामृत हे विरजण आहे. दूध असेल तर चमचाभर विरजणानं पातेलंभर दही लागतं, पण दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? दूध म्हणजे काडीकचरा, पाला, शेणखत, हिरवळीचं खत. मोकळ्या तापलेल्या वावरात ड्रमच्या ड्रम ओतले तरी काही होत नाही.

तर जमेल का याचं माझं उत्तर, सहा एकर जमणार नाही, एक एकर जमेल. विहिरीजवळचा, ज्याच्या शेजारच्या वावरातून फवारा उडत येत नाही असा. उरलेल्या पाच एकरांत औषध एकदम बंद करू नका, कमी करा, आणि ते सेंद्रियवाल्यांना विचारून नाही तर मोजून कमी करा. आपल्याकडे फवारणी कशी होते? शेजाऱ्यानं मारलं म्हणून, कृषी केंद्रवाल्यानं बाटली हातात दिली म्हणून. मादीच्या वासानं पतंग ओढून घेणारे कामगंध सापळे आण, एकरी दोन, आणि रोज सकाळी जाऊन पतंग मोज. गुलाबी बोंडअळीचे पतंग लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त आले तरच फवारायचं, नाही तर पंप खुंटीला. हे काम तू कर, पोरीला घेऊन जात जा, तिला मोजायला आवडेल. दिवाळीनंतर फरदड, म्हणजे तीच कपाशी पाणी देऊन पुढे लांबवत ठेवायच्या भानगडीत पडू नका, डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी काढली की अळीची साखळी तुटते. चवळीची एखादी ओळ कपाशीत टाक, चवळीवर मावा येतो आणि माव्यामागे ढालकिडे येतात, ते मग कपाशीवरचा मावा पण खातात. या एवढ्यानंच सापळे लावल्याच्या पहिल्या वर्षी आमच्या दोन फवारण्या वाचल्या होत्या आणि नवऱ्याचा विश्वास बसला तो तिथेच, पैसे वाचलेले दिसल्यावर.

तुझ्या एका एकरात कपाशी लावू नको. एक तर बाजारातलं जवळजवळ सगळं बियाणं बीटी, म्हणजे जनुक बदललेलं, आहे आणि सेंद्रियच्या नियमात बीटी चालतच नाही, कितीही शेणखत घातलं तरी. पुढे कधी करायची झाली तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे देशी वाण आहेत, तेव्हा बघू. आता अर्ध्यात ज्वारी, तूर आणि मूग एकत्र. मूग दोन महिन्यांत निघतो, घरात येतो आणि मुळ्यांवरच्या गाठी नत्र मातीत सोडून जातात, ज्वारीचा कडबा गायीला, तूर शेवटी. दुसऱ्या अर्ध्यात पहिल्या पावसावर ताग पेर दाट, कमरेच्या वर गेला आणि फुलावर यायला लागला, म्हणजे 45-50 दिवसांनी, की गाडून टाक. नवऱ्याला जीवावर येईल, हिरवंगार पीक मातीत घालायचं म्हणजे, त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालू नको, नुसती सोबत उभी राहा. त्यावर रब्बीत हरभरा घे आणि विहिरीच्या कडेला वांगी, पालक, मेथी, वाल, घरापुरतं. म्हणजे या दिवाळीपासून तुझ्या मुलीच्या ताटातली भाजी तरी बिनविषाची. धुऱ्यावर गिरीपुष्पाच्या फांद्या रोव, दोन वर्षांत एवढा पाला देतं की बाहेरून काही आणायला नको.

काडीकचऱ्याचं काय करायचं ते शिकायला तुला लांब जायचं नाही. पुसदचे नाडेपकाका पांढरीपांडे, तुझ्याच जिल्ह्यातले, त्यांच्या नावाचं टाकं आज देशभर बांधतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं टाकं, भिंतीत मध्ये मध्ये विटा सोडून खिडक्या ठेवायच्या म्हणजे हवा खेळते. सहा इंच काडीकचरा, त्यावर चार-पाच किलो शेणाचं पाणी, त्यावर बारीक चाळलेली माती, असे थर लावत वरपर्यंत भरायचं आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकायचं. भेगा पडल्या की परत लिंपायचं, ओल ठेवायची. तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत निघतं, ते उघडलं की पहिल्या पावसासारखा वास येतो. यात गंमत अशी की शेण शंभर किलोच लागतं, म्हणजे तुझ्याकडे एकच गाय असली तरी चालतं. पऱ्हाटी मात्र तशीच टाकू नको, बारीक तुकडे करून टाक, कुजायला जड असते.

फवारायला घरचं काय? निंबोळी अर्क, बाकीच्यांच्या मागे सध्या लागू नको. 5 किलो निंबोळीची भुकटी 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी फडक्यातून पिळून गाळ, 200 ग्रॅम साधा साबण विरघळवून घाल आणि 100 लिटर कर, झालं 5 टक्क्याचं. संध्याकाळी मारायचं, उन्हात त्याचा जोर जातो. मावा, तुडतुडे, आणि अळी अंड्यात किंवा अगदी लहान असताना याचा उपयोग होतो, मोठी अळी मरत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेव म्हणजे नंतर 'बघ, म्हटलं नव्हतं' व्हायला नको. दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्कही चांगला असतो पण त्यात कण्हेर, रुई असतं आणि कण्हेर पोटात गेली तर माणूस दगावतो, तेव्हा घरचं आहे म्हणून निर्धास्त राहू नको, ड्रमला झाकण आणि पोर लांब. आणि बिनलेबलच्या बाटलीत 'सेंद्रिय टॉनिक' म्हणून जे विकायला येतं ते हातात घेऊ नको. आम्हाला एकानं दिलं होतं, दोन दिवसांत सगळे किडे खाली, मधमाश्यासुद्धा. जैविकच्या नावाखाली आत काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पैशाचं खरं खरं सांगते. पहिली दोन-तीन वर्षं जास्त भाव मिळेल ही आशा ठेवू नका. हंगामी पिकाला बदलाचा काळ दोन वर्षांचा धरतात, त्याच्या आत कोणी सेंद्रियचा शिक्का देणार नाही. एकट्यानं सर्टिफिकेट काढणं परवडत नाही, त्यासाठी गट लागतो, पीजीएस नावाची पद्धत आहे ज्यात गटातलेच शेतकरी एकमेकांची वावरं तपासतात. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना त्यावरच चालते, आणि विदर्भातल्या 6 जिल्ह्यांसाठी 2018 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू झालं त्यात यवतमाळ आहे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात आत्मावाल्यांकडे, म्हणजे शेतीसल्ला देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, जाऊन विचार, तुमच्या बाजूला गट आहे का. पहिली कमाई ही न झालेल्या खर्चाची असते, म्हणून वही घाल. एका पानावर पाच एकर, एका पानावर एक एकर, बियाणं, खत, औषध, मजुरी, आणि दवाखाना. हो, दवाखाना पण लिही, ऑगस्टमधलं सलाईन, गाडीभाडं, बुडालेले दिवस सगळं. आपण तो खर्च कधी शेतीच्या हिशोबात धरतच नाही आणि मग म्हणतो रासायनिक परवडतं.

आणि दिरांना एक दिवस सुभाष शर्मांकडे घेऊन जा, यवतमाळचेच आहेत, 2025 ला त्यांना पद्मश्री मिळाली. ते आधी रासायनिकच करायचे, खर्च वाढत गेला आणि उत्पन्न घटत गेलं तेव्हा त्यांनी वाट बदलली. माझं ऐकण्यापेक्षा शेतकऱ्यानं शेतकऱ्याचं वावर बघितलेलं बरं.

नवऱ्याबद्दल शेवटचं. ते हट्टी आहेत असं तुझ्या पत्रात कुठेतरी डोकावतं, मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला फवारणीनं दवाखान्यात पाडलं तोच परत पंप उचलायला निघतो तेव्हा त्याला भीती नसते असं नाही, त्याला कर्जाची भीती जास्त असते. तू 'बंद करा' म्हणालीस की त्यांना ऐकू येतं 'तुम्ही चूक करताय'. त्यापेक्षा म्हण, 'मला एक एकर द्या, नुकसान झालं तर माझ्या बचत गटातून भरीन, आणि उरलेल्या पाच एकरांत सापळे मी मोजते.' एक एकर मागणाऱ्या बायकोला नाही म्हणणं कठीण असतं, सहा एकर मागितले तर सोपं.

निंबोळ्या जूनपासून पडायला लागतील, पिवळ्या झालेल्या वेच, गर धुवून सावलीत वाळव आणि तागाच्या पोत्यात भर, प्लॅस्टिकच्या पोत्यात बुरशी लागते. शेजारणींनाही सांग, कोणी वेचत नाही, नुसत्या पायाखाली जातात. आणि डॉक्टरकडे जाऊन आलात की रक्ताचा रिपोर्ट काय आला ते मला कळव. सापळ्यातल्या पतंगांचा आकडा नंतर पाठवलास तरी चालेल, ते आधी कळव.

तुझी ताई